टोमॅटोचा रास्त भाव



परसात टोमॅटो लावणाऱ्या माणसाला लोक एक प्रश्न हमखास विचारतात, "परवडतं का?" आमच्या धर्मगुरुनिवासाच्या मागे विहिरीला लागून जमिनीचा एक तुकडा आहे. तिथे गेली चार वर्षे मी दिवाळीच्या सुमारास बारा रोपे लावतो. हा प्रश्न मला मिस्सेनंतर विचारला गेला आहे, लग्नाच्या मांडवात विचारला गेला आहे, आणि एकदा तर दफनविधीहून परतताना विचारला गेला आहे. विचारणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. म्हणून यंदा मी वहीत रीतसर हिशेब मांडला.

रोपे, बांबू, सुतळी, शेणखत आणि निंबोळी पेंड मिळून ९०० रुपये गेले. रोज सकाळी अर्धा तास याप्रमाणे चार महिने काम केले, म्हणजे ६० तास. आठ तासांचा दिवस धरला तर साडेसात दिवस. वाडीकामाची मजुरी दिवसाला ६०० रुपये धरली तर ४,५०० झाले. एकूण खर्च ५,४०० रुपये. टोमॅटो निघाले ३० किलो. म्हणजे किलोला १८० रुपये पडले. जागेला भाडे नाही, विहिरीच्या पाण्याला बिल नाही, तरीसुद्धा. त्याच आठवड्यात स्टेशनबाहेर टोमॅटो ३० रुपये किलो होते आणि माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी घासाघीस करून ते २५ला घेतले.

तेव्हा परवडत नाही, हे उत्तर झाले. पण उत्तर मिळाल्यावर प्रश्न संपला नाही, उलट तिथून सुरू झाला. एका टोमॅटोला १८० पडतात, दुसऱ्याला ३० मिळतात, तिसरा २५ला जातो. यातला रास्त भाव कोणता? आणि भाव रास्त आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी पिशवी घेऊन बाजारात उभ्या असलेल्या माणसावर येते का?

कोणी म्हणेल, फादर, तुमची तुलनाच चुकीची आहे. नाशिक-जुन्नरचा शेतकरी बारा रोपे लावत नाही, हजारो लावतो. त्याच्याकडे ठिबक आहे, तारेचा मांडव आहे, अनुभव आहे. त्याला एका किलोमागे लागणारी मेहनत तुमच्या मानाने कितीतरी कमी. हे अगदी मान्य. माझे १८० ही टोमॅटोची किंमत नव्हे, हौसेची किंमत आहे. पण मेहनत वाटली गेली म्हणून ती नाहीशी होत नाही. परसातल्या बारा रोपांचा मला खरा उपयोग झाला तो हाच, की ती मेहनत कशाची असते ते हातांना कळले.

टोमॅटोचे झाड आपल्या मर्जीने सोडले तर झुडूप होते. प्रत्येक पानाच्या बगलेत एक फुटवा येतो. तो बोटभर असतानाच खुडायचा असतो, नाहीतर झाड पाल्यात आपली ताकद घालवते. खुडल्यावर बोटे हिरवीकाळी होतात आणि साबणाने दोनदा धुतली तरी वास राहतो. ज्यांनी हे काम केले आहे त्यांना तो वास सांगावा लागणार नाही. फांद्या बांबूला बांधायच्या त्या सैल, कारण देठ जाड होत जातो आणि घट्ट सुतळी त्यात रुतते. पाणी द्यायचे ते नेमाने. दोन दिवस कोरडे ठेवून तिसऱ्या दिवशी भरपूर ओतले तर फळाच्या बुडाला काळा चट्टा पडतो. माती चांगली असली तरी पडतो, कारण जमिनीतला चुना फळापर्यंत पाण्याबरोबरच पोचतो आणि पाण्याचा पुरवठा तुटला की तोही तुटतो. एवढे करून फळ पोखरणारी अळी असतेच. ती बाहेरून एवढेसे भोक पाडते आणि आत घर करते. तिला भुलवण्यासाठी वाफ्याच्या कडेला झेंडू लावतात. काही अळ्या भुलतात, काही भुलत नाहीत. पांढऱ्या माशीमुळे पाने आकसून गोळा झाली की मग औषध नाही, झाड उपटायचे.

आणि एक काम असे की जे मी करतच नाही. टोमॅटोच्या फुलातला पराग एका बारीक नळीसारख्या भागात बंद असतो. वाऱ्याने फूल हलले तरी थोडा सुटतो, पण खरा सुटतो तो थरथरीने. मधमाशीला ती थरथर जमत नाही. काळ्या भुंग्याला जमते. तो फुलाला लटकतो, पंख न हलवता अंग थरथरवतो आणि पराग खाली सांडतो. सकाळी आठच्या सुमारास विहिरीच्या काठावर उभे राहिले तर तो आवाज नीट ऐकू येतो. माझ्या हिशेबाच्या वहीत भुंग्याची मजुरी लावायला रकाना नव्हता.

हे सगळे भाजीच्या पाटीत दिसत नाही. तिथे फक्त लाल टोमॅटो दिसतो आणि त्याच्याशेजारी एक आकडा. तो आकडा कसा ठरतो, हे २०२३ साली आपण सर्वांनी पाहिले. त्या वर्षी मे महिन्यात घाऊक भाव इतका कोसळला की नाशिक जिल्ह्यात शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले, कारण तोडणीची आणि गाडीभाड्याची रक्कमही निघत नव्हती. जुलैमध्ये तोच टोमॅटो अनेक शहरांत किलोला १५०, २०० रुपयांवर गेला. घरोघरी चिंच आणि कोकम वापरून आमट्या झाल्या. (त्या काही वाईट नव्हत्या.) सप्टेंबरपर्यंत भाव पुन्हा आपटला. चार महिन्यांत टोमॅटो तोच, त्याची चव तीच, त्याला लागणारे खत-पाणी तेच. मग बदलले काय?

बदलली आपली गरज आणि बाजारातली आवक, असे अर्थशास्त्र सांगते, आणि ते खरेच आहे. आपल्या ख्रिस्ती परंपरेतल्या विचारवंतांनाही हे ठाऊक होते. संत ऑगस्टिनने फार पूर्वी दाखवून दिले की निर्मितीच्या उतरंडीत जिवंत पिसू निर्जीव नाण्यापेक्षा वरची, पण घरात पिसू हव्यात की नाणी, असे विचारले तर कोणीही नाणीच मागेल. म्हणजे वस्तूची किंमत तिच्या अंगच्या थोरवीवरून ठरत नाही, आपल्या गरजेवरून ठरते. सोळाव्या शतकात स्पेनमधल्या सालामांका विद्यापीठातील धर्मपंडितांनी हा धागा पुढे नेला. फसवणूक नाही, मक्तेदारी नाही, अशा खुल्या बाजारात सर्वांच्या मते जो भाव ठरतो तो रास्त, असे त्यांनी मांडले. आज हे ऐकून कोणाला वाटेल की हे तर व्यापाऱ्यांचे तत्त्वज्ञान झाले. पण त्यामागे शहाणपण होते. भाव ठरवण्याचा अधिकार एखाद्या बलाढ्य माणसाच्या हाती गेला तर गरिबाचे काय होते, हे त्यांनी पाहिले होते. सर्वांनी मिळून ठरवलेला भाव हा दुबळ्यांचे संरक्षणही असतो.

तरी माझे समाधान इथे होत नाही. मे २०२३चा दोन-तीन रुपयांचा भावसुद्धा खुल्या बाजारातच ठरला होता. तो रास्त म्हणायचा का?

सेमिनरीत असताना संत थॉमस अक्वायनस यांचे खरेदी-विक्रीवरचे प्रकरण आम्हाला अभ्यासाला होते. त्या वेळी परीक्षेपुरते वाचले होते, हाताला टोमॅटोचा वास लागल्यावर ते पुन्हा काढून वाचले. तेराव्या शतकातला हा माणूस एक बारीक भेद करतो. वस्तू देऊन टाकल्याने विकणाऱ्याचे मोठे नुकसान होत असेल, तर ते नुकसान त्याने भावात धरायला हरकत नाही. पण घेणाऱ्याला ती वस्तू अतिशय निकडीची आहे, एवढ्याच कारणाने भाव वाढवायला मात्र मनाई. का? कारण घेणाऱ्याची निकड ही विकणाऱ्याच्या मालकीची नाही. जे आपले नाही ते विकता येत नाही.

हे वाक्य उलटे करून पाहा. विकणाऱ्याची निकड ही घेणाऱ्याच्या मालकीची आहे का? टोमॅटो सोने नव्हे. आज विकला नाही तर उद्या मऊ पडतो, परवा फेकावा लागतो. संध्याकाळी सात वाजता पाटीत चार किलो उरलेले असतात, शेवटच्या बसची वेळ झालेली असते, घरी मुले वाट पाहत असतात. अशा वेळी आपण समोर उभे राहून म्हणतो, "पंधराला देतेस तर दे, नाहीतर चालले." ती देते. त्या पंधरा रुपयांत आपण टोमॅटो विकत घेतो की तिची शेवटची बस?

मला ठाऊक आहे, याला लगेच उत्तर येईल. घासाघीस हा आपल्या बाजाराचा खेळच आहे. विकणारीही आधी चढा भाव सांगते, मग आपण उतरवतो, दोघेही हसतो. शिवाय घेणारीचेही पोट हातावरच असते. चार घरची धुणीभांडी करून जिला महिना काढायचा आहे तिने दोन रुपये वाचवले तर तिला कोणी बोल लावू नये. मी तर मुळीच लावणार नाही. अक्वायनसचा नियम दोन्ही बाजूंनी लागतो आणि तिची निकडही तितकीच खरी आहे. सकाळी दहा वाजता भरल्या पाटीसमोर चालणारी घासाघीस आणि संध्याकाळी सात वाजता रिकाम्या होऊ पाहणाऱ्या पाटीसमोरची घासाघीस, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच माझे म्हणणे आहे. पहिलीत दोघांनाही नाही म्हणता येते. दुसरीत एकीलाच म्हणता येते.

हाच भेद १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या बाबतीत केला. 'रेरूम नोव्हारूम' या त्यांच्या पत्राच्या काळात गिरणीमालकांचा युक्तिवाद असा की कामगाराने स्वतः होकार देऊन मजुरी स्वीकारली, मग तक्रार कसली? पोपमहोदयांनी उत्तर दिले की दोघांच्या होकाराच्याही आधीचा एक न्याय आहे. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचे पोट भरेल इतकी मजुरी द्यायलाच हवी, आणि गरजेपोटी दिलेला होकार हा खरा होकार नव्हे. २०२५ साली निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हे नाव घेतले ते याच पत्राची आठवण ठेवून, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. मजुरीला जे लागू ते टोमॅटोला का लागू नये? टोमॅटो म्हणजे शेवटी कोणाची तरी मजुरीच आहे, तिला लाल रंग चढला इतकेच.

आता सर्वांत अवघड आक्षेप. "फादर, मी पाच रुपये जास्त दिले तरी ते शेतकऱ्यापर्यंत पोचतात कुठे?" हा प्रश्न विचारणारे आमच्या पॅरिशमधले एक काका बँकेतून निवृत्त झालेले आहेत, त्यामुळे ते आकडा घेऊनच आले होते. ऑक्टोबर २०२४मध्ये रिझर्व्ह बँकेच्या एका अभ्यासनिबंधाने दाखवले की टोमॅटोसाठी ग्राहक जो रुपया देतो त्यातले साधारण ३३ पैसे शेतकऱ्याच्या हाती पडतात. कांद्यात ३६, बटाट्यात ३७. बाकीचे घाऊक आणि किरकोळ व्यापार, वाहतूक, हमाली, नासाडी यांत जातात. काकांचे म्हणणे असे, की ही व्यवस्थेची गोष्ट आहे. शीतगृहे हवीत, प्रक्रिया करणारे कारखाने हवेत, शेतकऱ्यांनी एकत्र येऊन माल विकायला हवा. गृहिणीच्या पिशवीवर एवढे ओझे टाकू नका.

काका बरोबर आहेत. नाशिकची २० किलोची जाळी माझ्या पाच रुपयांनी जड होणार नाही, आणि व्यवस्थेचा प्रश्न विवेकाच्या गोळीने बरा होत नाही. पण म्हणून पिशवीवरचे ओझे शून्य होते, हे मला पटत नाही. पाटी घेऊन बसलेली बाईसुद्धा मजूरच आहे. ते ६७ पैसे जणू तिच्याच कमरेच्या पिशवीत जातात अशा थाटात आपण तिच्याशी भांडतो. शिवाय आपल्या वसईत अजून अशा भगिनी आहेत ज्या स्वतःच्या वाडीतलीच भाजी विकतात. त्यांच्या बाबतीत मधला कोणी नाही. तिथे आपण कमी केलेला प्रत्येक रुपया थेट वाफ्यातून जातो. एके काळी पहाटेच्या गाडीने भाजी, फुले, पाने आणि केळी घेऊन मुंबईला जाणाऱ्या आया-बायांच्या जिवावर आपली घरे उभी राहिली. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या शाळेची फी त्या टोपल्यांतून आली आहे. वाड्या विकल्या गेल्या, बावखले बुजली, इमारती झाल्या, आणि त्याच इमारतींतून खाली उतरून त्यांचीच नातवंडे भाजीवालीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालतात. हे मी रागाने लिहीत नाही. पण पाहताना बरे वाटत नाही.

माझ्या आणि तिच्या टोमॅटोत आणखी एक फरक आहे आणि तो वहीतल्या १८० रुपयांपेक्षा मोठा आहे. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात अवेळी पाऊस आला. चार दिवस ढग राहिले आणि बारापैकी सात रोपे करप्याने गेली. मी हळहळलो, जेवणाच्या टेबलावर सहायक धर्मगुरूंना ती कथा दोनदा सांगितली, आणि विषय संपला. त्याच पावसात जवळच्या एका वाडीतला पूर्ण वाफा बसला. त्या घरात सोसायटीचे कर्ज होते आणि मुलीच्या नर्सिंगच्या फीचा हप्ता जानेवारीत भरायचा होता. पाऊस एकच, करपा एकच. माझे बुडाले ते टोमॅटो. त्यांचे काय बुडाले ते मला माहीत आहे, कारण ती मुलगी नंतर मला भेटायला आली होती. परसातला माळी आणि पोटासाठी पिकवणारा यांच्या कामात फारसा अंतराय नाही, जोखमीत आहे. भाव रास्त आहे का हे विचारताना खत-पाणी आणि मजुरी आपण मोजतो. रात्री ढग आले की डोळ्याला डोळा न लागणे कोण मोजणार?

जुलै २०२३मध्ये ज्या शेतकऱ्यांना एकाच हंगामात आयुष्यभराची कमाई झाली त्यांच्याविषयी बरेच तिखट बोलले गेले. मला त्यात काही वावगे दिसत नाही. टंचाई त्यांनी निर्माण केली नव्हती, माल दडवला नव्हता, आणि त्याच शेतांनी मे महिन्याचा मातीमोल भावही सोसला होता.

जानेवारीत मात्र एक वेगळीच पंचाईत झाली. परसातले टोमॅटो एकदम पिकतात. मी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटू लागलो. चर्चच्या फाटकाजवळ बसणाऱ्या मावशींनी एके दिवशी मला हाक मारली. "फादर, तुम्ही फुकट वाटता, मग माझ्याकडून कोण घेणार?" त्या हसत होत्या, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. दान करायला मी मोकळा आहे, हे खरे. पण माझे दान कोणाच्या पाटीतून जाते? शेजाऱ्याला चार टोमॅटो देणे हा शेजारधर्म झाला, रोज टोपलीभर वाटणे हा दुसऱ्याच्या धंद्यावर घाव होऊ शकतो, आणि या दोहोंमधली रेघ कुठे मारायची याचे सूत्र मला कोणत्याही ग्रंथात सापडले नाही. मावशींशी बोलूनच आम्ही एक तोड काढली. जे एरवी विकत घेऊ शकत नाहीत अशा दोन-तीन घरांना टोमॅटो पोचवायचे, आणि उरलेल्याची चटणी करून बाटल्या भरायच्या. चटणीची कृती मावशींचीच. लसूण त्या फार घालतात.

त्याच बोलण्यातून आणखी एक गोष्ट ठरली आहे. येत्या महिन्यापासून दर रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात आंब्याखाली आपल्या वाड्यांतली भाजी विकायला बसण्याची सोय केली आहे. जागेचे पैसे नाहीत. भाव विकणारीनेच ठरवून पाटीवर खडूने लिहायचा आहे. पटला तर घ्यावे, नाही पटला तर न घेता हसून पुढे जावे, पण पाटीवरचा आकडा पुसायला सांगू नये. साडेदहानंतर भाव कमी करायचा की नाही हे ज्याची भाजी त्यानेच ठरवावे. कापडी पिशव्या घरून आणाव्यात.

ज्यांना परसात किंवा गच्चीवर टोमॅटो लावून पाहायचे आहेत त्यांच्यासाठी रोपे दसऱ्यानंतर ऑफिसजवळ ठेवलेली असतील. एका घराला चार. झेंडूचे बी सोबत न्यायला विसरू नका, आणि हिशेबासाठी एक वही ठेवा.

तुमचा,
फादर